यास्मीनचा शुक्रवार

अमरावती
६ जानेवारी २०२५

आदरणीय इनायतचाचा,

सलाम. मी पौर्णिमा, वलगावच्या नत्थुजींची मुलगी. लहानपणी तुमच्या दुकानातला फवारणीचा पंप पाठीला बांधून पळत सुटायची, तीच. आता अमरावतीला असते आणि कॉम्प्युटरचं काम करते. पत्राचं कारण चांगलं आहे, घाबरू नका.

आम्ही काही जण मिळून ‘कानोसा’ नावाचा प्रोग्राम चालवतो. माणूस बोलतो आणि तो ऐकून मराठीत लिहितो. हा मुक्तस्रोत आहे, म्हणजे कुणा एकाच्या मालकीचा नाही. कुणीही वापरावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा आणि केलेली दुरुस्ती सगळ्यांना द्यावी. तुमच्या कंपनीत शेतकऱ्यांच्या तक्रारीचे फोन येतात, ते लिहून घेणारा हाच. त्याला पुण्याची मराठी उत्तम येते, आपली वऱ्हाडी मात्र येत नव्हती. ती त्याला शिकवली तुमच्या ऑफिसातल्या यास्मीनने. फोन करणाऱ्यांची परवानगी घेऊन, त्यांचं बोलणं त्याला ऐकवून, एकेक शब्द दुरुस्त करत.

ज्या कंपन्यांची माणसं इतकं काम करतात त्यांचे जाहीर आभार मानायचे असं आमच्या समितीने ठरवलं आहे. ‘इनायत स्प्रे पंप, अकोला’ यांच्या मोलाच्या योगदानाबद्दलचं आभारपत्र सोबत जोडलं आहे. कागद जाड आहे, फ्रेम करता येईल. आपल्या माणसाला ऑफिसच्या वेळात अशा कामाची मुभा देणारे मालक आजकाल सापडत नाहीत.

तुमची,
पौर्णिमा

*

अकोला
१३ जानेवारी २०२५

बेटा पौर्णिमा,

दुआ. फोनच करणार होतो. पण फोनवर चिडलो की मला ठसका लागतो आणि तेवढ्यात समोरचा जिंकतो. म्हणून कागद घेतला.

तुझं आभारपत्र मी ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. ‘मुक्तस्रोत’ मी ‘मुफ्तस्रोत’ वाचलं, आणि खरं सांगतो, पुढचा सगळा मजकूर त्याला बरोबर जुळत गेला. मुफ्तचा माल, मालक कुणी नाही, ज्याने त्याने यावं आणि घेऊन जावं. पुढे ‘योगदान’ आलं तेव्हा मुनीमाला विचारलं, आपण कोणत्या मंडळाला वर्गणी दिली? तो म्हणाला, गणपती, उरूस आणि जयंती सोडून कुणालाच नाही.

मग मी यास्मीनकडे पाहिलं. ही पोरगी अकोटहून रोज एसटीने येते, कामाला चोख, तिच्यावर आवाज चढवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती मान खाली घालून कीबोर्ड पुसत होती. मी विचारलं, “हे वऱ्हाडी शिकवनं कवा करतं तू?” तर म्हणे, “तुमी जुम्म्याच्या नमाजले जाता ना चाचा, तवा.” म्हणजे मी तिकडे अल्लासमोर उभा, आणि इकडे माझं ऑफिस नत्थूच्या पोरीच्या दिमतीला.

आभार जरूर मानावेत, पण मालकाला काही ठाऊक आहे का, एवढं आधी विचारत जा. या शुक्रवारपासून हा प्रकार बंद. आभारपत्र परत पाठवत नाही. कागद खरंच जाड आहे.

आणि तुझ्या बापाला एक निरोप दे. मोठा माणूस झाला असशील तर तसं कळव म्हणावं. मी फोन लावतो, तो उचलतो, ‘हो हो, बरं बरं’ म्हणतो आणि ठेवून देतो. मी सांगितलं, आमची खुर्शीद मोरीत घसरून पडली, तर म्हणतो, ‘छान छान.’ मैत्री ठेवायची नसेल तर माणसाने तोंडावर सांगावं.

इनायतुल्ला

*

अमरावती
१८ जानेवारी २०२५

चाचा,

यास्मीनवर रागावू नका. न विचारता आभार मानून मी तिला अडचणीत आणलं, ती चूक माझी.

आणि बाबा मोठे झालेले नाहीत, बहिरे झाले आहेत. तुम्हाला सांगू नको म्हणून त्यांनी मला बजावलं होतं. दिवाळीनंतर ऐकणं जे गेलं ते जवळजवळ पूर्णच. कानाचं मशीन लावून पाहिलं, तर नुसता गोंगाट मोठा होतो. तुमचं नाव मोबाईलवर दिसतं म्हणून ते उचलतात आणि अंदाजाने बोलतात. खुर्शीदचाचींना आता कसं आहे?

म्हणून मी त्यांच्या मोबाईलवर ‘कानोसा’ घालून दिला. समोरच्याने बोलायचं, बाबांनी वाचायचं. पण वलगावच्या चौकात पुण्याची मराठी कोण बोलतं? बाबांची रोजची बैठक देवमनकाकांच्या हॉटेलात. देवमनकाका म्हणाले, “चा घेऊन राह्यले का?” मशीनने लिहिलं, ‘चाळ घेऊन राहिले का.’ बाबा म्हणाले, “घर हाय ना आपलं, चाळ काहून घिन मी?” हॉटेलभर हशा पिकला. बाबांना तो ऐकू आला नाही, पण दिसला. तेव्हापासून ते जपून जपून जातात आणि कोपऱ्यात बसतात. माझे बाबा आणि कोपऱ्यात, चाचा.

यास्मीनमुळे यातलं निम्मं सुधारलं. तुमचाही यात फायदा झालाय. तिने हात लावण्याआधी अकोटच्या एका शेतकऱ्याने तुमच्याकडे तक्रार केली होती, “फवारा काहून येत नाही?” मशीनने लिहिलं, ‘फवारा कावळा येत नाही.’ त्यावर तुमच्या ऑफिसने शेरा मारला, ‘ग्राहकाच्या शेतात कावळ्यांचा प्रश्न, कंपनीचा संबंध नाही’, आणि तक्रार मिटवून टाकली. खोटं वाटत असेल तर काढून बघा.

मला वर्गणी नको. यास्मीनचा शुक्रवार हवा आहे.

पौर्णिमा

*

अकोला
२५ जानेवारी २०२५

बेटा,

पत्र वाचलं. मग खुर्शीदला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हंजे मी पडली तवा भाईजान खुश नव्हते झाले.” तिची कंबर आता बरी आहे. नत्थूला मात्र मला सगळं कळलंय असं सांगू नकोस. मी फोन करत राहीन, त्याला हो हो म्हणत राहू दे.

कावळ्याची तक्रार सापडली. तो शेरा मीच सांगितला होता.

यास्मीनचा शुक्रवार तुला दिला, दुपारपासून संध्याकाळपर्यंत, उघडपणे, माझ्या परवानगीने. पण दोस्ती दोस्तीच्या जागी आणि धंदा धंद्याच्या जागी. आमच्या मोहल्ल्यात मशिदीला पंखा दिला तर पात्यावर देणाऱ्याचं नाव लिहितात. स्टँडवर बाकडं दिलं तर पाठीवर नाव असतं, आणि रंग ओला असला तर बसणाऱ्याच्या सदऱ्यावरही उमटतं. तेव्हा तुझं मशीन कुणाचंही बोलणं लिहायला लागण्याआधी त्यावर झळकलं पाहिजे: ‘इनायत स्प्रे पंप, अकोला, यांच्या सौजन्याने. एकदा घ्या, पिढ्यान्‌पिढ्या फवारा.’ अक्षरं हिरवी असावीत.

इनायतुल्ला

*

अमरावती
३ फेब्रुवारी २०२५

चाचा,

शुक्रवारसाठी मनापासून आभार. या खेपेला विचारून मानते आहे.

हिरवी अक्षरं मात्र जमणार नाहीत. बाबांना कुणी सांगायला आलं की घराला आग लागली, तर त्यांनी आधी पिढ्यान्‌पिढ्या फवारायचं वाचायचं आणि मग आगीचं? त्याऐवजी समितीने एक पान केलं आहे, ‘हातभार’. कोणत्या कंपनीने माणूस दिला, त्या माणसाने काय काम केलं, हे तिथे सगळ्या जगाला दिसतं. सध्या त्यावर तुमच्या एकट्याचंच नाव आहे. जाहिरात करून ते पान मिळत नाही, काम करूनच मिळतं. मी तर म्हणेन, पंख्याच्या पात्यापेक्षा हे बरं. पंखा फिरायला लागला की नाव कुणाला वाचता येतं?

एक मजा झाली आहे. यास्मीनकडे वऱ्हाडी आवाज आहेत ते सगळे पंपाच्या तक्रारीचे. त्यामुळे मशीनच्या डोक्यात पंप बसलाय. पुण्याच्या एका मुलीने होणाऱ्या नवऱ्याला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं बोलून लिहायला घेतलं, तर पोचलं ते ‘माझा तुझ्यावर पंप आहे.’ तिने आमच्याकडे रीतसर तक्रार केली. यास्मीन दुरुस्तीला लागली आहे, पण थोडे शुक्रवार लागतील.

बाबा पुन्हा रोज हॉटेलात जातात. मोबाईल पाण्याच्या ग्लासला टेकवून ठेवतात आणि वाचून वाचून भांडतात.

पौर्णिमा

*

अकोला
२४ फेब्रुवारी २०२५

पौर्णिमा,

हे पत्र रागाने लिहितो आहे.

इथल्या कृषी प्रदर्शनात तुमच्या अमरावतीच्या ललित स्प्रेयर्सचा स्टॉल होता. ललित म्हणजे तोच, जो माझ्या पंपाच्या रंगाचा पंप काढतो आणि माझ्यापेक्षा स्वस्त विकतो. त्याच्या टेबलावर ‘कानोसा’ चालू होता. चांदूर रेल्वेचा एक शेतकरी तक्रार सांगत होता, आणि काहून, कवा, मले, तुले, सगळं बिनचूक उमटत होतं. ते माझ्या यास्मीनचं काहून आहे, पौर्णिमा. ललित मला पाहून हसला आणि म्हणाला, “तुमचीच मेहरबानी चाचा.”

मी पगार द्यायचा, मी शुक्रवार द्यायचा, आणि गिऱ्हाईक त्याचं खुश व्हायचं? ही कोणती रीत? ललितचं बंद कर. तोवर शुक्रवारही बंद. नत्थूची बात वेगळी आहे. त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं मशीन बाजारात असेल ते सांग, मी घेऊन देतो.

इनायतुल्ला

*

अमरावती
१७ मार्च २०२५

चाचा,

उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये जे घडलं ते लिहायला हात वळत नव्हता.

बाबांसाठी वेगळं मशीन बाजारात नाही. वऱ्हाडी समजणारं हे एकच आहे. जे ललितच्या गिऱ्हाइकाचं बोलणं समजतं, तेच देवमनकाकांचंही समजतं. एकट्यापुरतं ते बंद होत नाही, शिकवलेलं काढलं तर तुमचं तक्रारीचं टेबलसुद्धा पुन्हा कावळ्यांवर जाईल.

शुक्रवार बंद झाल्यावर यास्मीनने मशीनच्या डोक्यातल्या पंपाची दुरुस्ती अर्ध्यात सोडली. गेल्या आठवड्यात बाबा हॉटेलात गेले. देवमनकाका गल्ल्यावर नव्हते. कुणीतरी जवळ येऊन हळू आवाजात सांगितलं, “शकुनबाई वारल्या.” देवमनकाकांची आई. मशीनने लिहिलं, ‘शकुनबाई फवारल्या.’

बाबा हसले. मोठ्याने, मांडीवर थाप मारून, सगळ्या हॉटेलासमोर.

मग कुणीतरी कागदावर लिहून दाखवलं. घरी येऊन त्यांनी मोबाईल कपाटात ठेवला. तेव्हापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. देवमनकाकांकडे भेटायलासुद्धा गेले नाहीत. मी समजावते, तर ‘हो हो, बरं बरं’ म्हणतात. चाचा, मला ते ‘बरं बरं’ आता सहन होत नाही.

ललितना मी पत्र लिहिलं होतं. काही मागितलं नाही. ‘हातभार’चं पान तेवढं छापून पाठवलं, ज्यावर तुमच्या एकट्याचं नाव आहे. उलटटपाली उत्तर आलं. त्यांचा इंजिनिअर किशोर दर बुधवारी दिवसभर आमचं काम करणार आहे. अट एकच, नाव तुमच्या वर हवं. मी कळवलं, नावं अकारविल्हे लागतात, ‘इ’ आधी आणि ‘ल’ नंतर. त्यावर त्यांनी कंपनीचं नाव बदललं. आता ते ‘अव्वल ललित स्प्रेयर्स’ आहेत.

पौर्णिमा

*

अकोला
२० मार्च २०२५

बेटा,

‘फवारल्या’ वाचून मला हसू फुटलं. पुढच्याच ओळीला माझी मला लाज वाटली. शकुनमावशींच्या हातची भाकर मी आणि नत्थूने शाळेतून येताना किती खाल्ली आहे. मी हसलो, मग तो बिचारा काय करणार होता?

पत्र यास्मीनसमोरच वाचत होतो. ती उठून कॉम्प्युटरवर जाऊन बसली. वार गुरुवार होता. मी म्हटलं, “आज जुम्मा नाही.” ती म्हणाली, “चाचा, एक मानूस मह्या चुकीनं घरात बसला. मी जुम्म्याची वाट पाहू का?” बेटा, चूक तिची नव्हती. शुक्रवार मी बंद केला होता. ते मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं. ‘वारल्या’ सुधारेपर्यंत तिला आठवड्याचे सगळे वार माफ आहेत, आणि त्यानंतर शुक्रवार कायमचा तुझा. ललितने वापरायचं तर वापरू दे.

वापरू दे, पण वर नाही बसू देणार. आमच्या कंपनीचं नाव आजपासून ‘अकोलेकर इनायत स्प्रे पंप’. ‘क’ हा ‘व’च्या आधी येतो. मुनीमाने नातवाची अंकलिपी आणून खात्री करून घेतली आहे.

इनायतुल्ला

*

अमरावती
५ मे २०२५

चाचा,

तुमचं नाव वर लागलं आणि दुसऱ्याच दिवशी ललितनी ‘अंबानगरी ललित स्प्रेयर्स’ कळवलं. मग ‘अं’ हा ‘अ’सोबत धरायचा की ‘औ’नंतर, यावर समितीत अशी जुंपली की दोन भाषातज्ज्ञ एकमेकांशी बोलेनासे झाले.

शेवटी नियमच बदलला. आता ‘हातभार’वर आधी माणसाचं नाव लागतं आणि त्याखाली कंपनीचं. ज्याचं काम त्या महिन्यात जास्त उपयोगी पडलं तो वर. म्हणजे आता नाव बदलून वर जाता येत नाही, माणसाला वेळ देऊनच जाता येतं. या महिन्यात यास्मीन वर आहे. किशोर खाली आहे, पण जवळच. त्याने बाजारातले, लग्नातले, भजनी मंडळातले वऱ्हाडी आवाज आणले, त्याशिवाय यास्मीनला मशीनच्या डोक्यातला पंप काढताच आला नसता. ती बुधवारी त्याचं काम तपासते, तो शुक्रवारी तिचं. ललितनी किशोरला आणखी एक दिवस दिल्याचं कळलं. चांदूर रेल्वेच्या एका बियाणे कंपनीने विचारलंय, या पानावर यायला काय करावं लागतं? तुमच्या दोघांच्या खुन्नसीने आमच्या कामाला जेवढं बळ आलं, तेवढं आमच्या आभारपत्रांनी आलं नव्हतं.

काल मी मोबाईल कपाटातून काढला आणि बाबांना हाताला धरून देवमनकाकांकडे नेलं. काका म्हणाले, “माय वारली तवा तुमी आले नाई नत्थुजी, मी वाट पाह्यली तुमची.” एकूण एक शब्द बरोबर उमटला. बाबांनी वाचलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दुपारभर तिथेच होते.

रविवारी वलगावला या. चाचींना आणा, यास्मीनलाही आणा.

पौर्णिमा

*

वलगाव
१२ मे २०२५

इनायत्या,

हे पत्र मी लिहून नाई राह्यलो, बोलून राह्यलो. मोबाईल समोर ठेवला अन् सुरू झालो. पौर्णिमा म्हने, बाबा, शुद्ध करून देऊ का? मी म्हनलं, राहू दे, त्या पोरीनं एवढं शिकवलं, ते काय शुद्ध कराले?

काल तू आला, चांगलं वाटलं. पन तू हॉटेलात मह्या कानापाशी येऊन काहून वरडत होता? मशीनले हळू बोललेलं समजते. तुह्या वरडन्यानं देवमनचं दूध उतू गेलं. अन् सातवीच्या परीक्षेत तू मही नक्कल केली होती, मी तुही नाई. हे मी काल बी सांगतलं, पुन्हा सांगतो. वाचून भांडाले टाइम लागते, म्हनून तुले वाटलं का तू जिंकला.

यास्मीन चांगली पोरगी हाय. मी तिले म्हनलं, बाई, तुह्या मालकाचं नाव जगात झालं म्हनते. ते म्हने, “काका, पैले मी लपूनछपून करो, आता चाचाच शुक्रवारी दहा वाजताच विचारते, सुरू केलं का म्हून.” हे तू तिच्यासमोर मान्य करनार नाई, मले माहीत हाय.

आता मुद्द्याचं. एसटीत बसाच्या आधी तू मह्याकडं पाठ करून पौर्णिमाशी बोलला. तुले वाटलं, याले काय समजते. मोबाईल मह्या हातात चालूच होता बे. त्याच्यावर आलं, ‘नत्थ्या लय थकला बेटा, मले पाहावलं नाई.’

जसंच्या तसं आलं. एक अक्षर चुकलं नाई.

तर आयक. थकला तू हाय. पायरी चढतानी तुले दोन मानसं लागली, ते मी पाह्यलं. यापुढं मह्याबद्दल जे बोलाचं ते मह्या तोंडासमोर बोलत जा, मी वाचतो. अन् महिन्याच्या महिन्याले येत जा. अकोला काय दूर नाई.

अजून एक. त्या वाक्यानंतर मशीननं काहीच लिहिलं नाई, मोबाईल कोराच राह्यला. मले वाटलं बिघडला. म्हनून मी मान वर केली, तं तू रुमालानं डोये पुसून राह्यला होता.

यास्मीनले सांग, तेवढं मशीनले शिकवाची गरज नाई. तेवढं मले समजते.

तुहा,
नत्थू